दहा बिघे, एक झोपडी आणि एक रुपया : ‘रंगभूमी’तल्या भूसंपादनाचं प्रकरण

ठिकाण : बनारसच्या वेशीवरचं पांडेपूर. जमीन : सुमारे दहा बिघे, पडीक, वडिलोपार्जित. खातेदार : सूरदास, आंधळा, जातीनं चांभार, रस्त्यावर भीक मागून जगणारा. वहिवाट : मोहल्ल्यातली सगळी गुरं, चराई माफ. मागणारा : जॉन सेवक, चामड्याचा व्यापारी. प्रयोजन : सिगारेटचा कारखाना.

हिंदी कादंबरीकार प्रेमचंदांच्या ‘रंगभूमी’चं कथानक सरकारी फायलीत घातलं तर पहिलं पान असं निघेल. हजारभर पानांची वाटावी अशी ही कादंबरी. तिच्यात राजे आहेत, संस्थानं आहेत, हिंदू तरुण आणि ख्रिस्ती तरुणी यांचं प्रेम आहे, तुरुंग आणि बंडं आहेत. पण मुळाशी एक भूसंपादन आहे आणि मला सगळी कादंबरी त्या एका फायलीभोवती उभी राहिलेली दिसते. म्हणून इथं बाकीचा पसारा बाजूला ठेवून फक्त ती फाईल उलगडायची आहे.

काळ आधी पाहू. प्रेमचंद गोरखपूरला सरकारी शाळेत मास्तर होते. फेब्रुवारी १९२१ मध्ये गांधीजींची तिथं सभा झाली आणि काही दिवसांतच प्रेमचंदांनी वीसेक वर्षांची नोकरी सोडली. त्याच गोरखपूर जिल्ह्यात वर्षभरानं, ४ फेब्रुवारी १९२२ रोजी, चौरीचौऱ्याला जमावानं पोलीस ठाणं पेटवलं आणि गांधीजींनी आंदोलन मागं घेतलं. ‘रंगभूमी’ त्यानंतरची. आधी उर्दूत ‘चौगान-ए-हस्ती’ या नावानं लिहिली गेली, पण छापून आधी आली ती हिंदी, लखनौहून, १९२५ साली. म्हणजे ज्यानं गांधींच्या शब्दावर पगार सोडला, त्याच माणसानं आंदोलन विझल्यावर हे पुस्तक लिहिलं. सूरदासाचं बीज आपल्याच गावातल्या एका आंधळ्या भिकाऱ्यात सापडलं, असं प्रेमचंदांनी सांगून ठेवलंय. त्यांचं गाव लमही. बनारसहून लमहीला जाताना पांडेपूर वाटेतच लागतं. जागा त्यांच्या पायाखालची होती.

सूरदास म्हणजे गांधी, असं एक समीकरण वर्गावर्गात शिकवलं जातं. ते चूक नाही, पण आळशी आहे. गांधींच्या मागं काँग्रेस होती, वर्तमानपत्रं होती. सूरदासाच्या मागं बजरंगी गवळी, ठाकूरदीन पानवाला, भैरो ताडीवाला, जगधर खोमचेवाला, नायकराम पंडा आणि देवळातला पुजारी दयागिरी. हे लोक त्याच्या बाजूनं कधी असतात, कधी नसतात आणि का, याचा हिशेब प्रेमचंदांनी पै-पैनं मांडलाय. अहिंसेचं काय झालं ते त्या हिशेबाशिवाय कळत नाही.

आता कायदा. कादंबरीत कलमं येत नाहीत, पण चौकट आहे ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याची. या कायद्याच्या सातव्या भागात खाजगी कंपनीसाठी जमीन घेण्याची सोय होती. कंपनीनं सरकारशी करार करायचा आणि काम लोकांच्या उपयोगाचं ठरण्याजोगं आहे एवढं चौकशीत निघालं, की सरकार आपल्या अधिकारात जमीन ताब्यात घेऊन कंपनीच्या हाती देणार. मोबदला बाजारभावानं, वर सक्तीच्या घेण्याबद्दल शेकडा १५ टक्के. आणि चोविसाव्या कलमात मोबदला ठरवताना काय काय विचारात घ्यायचं नाही याची यादी होती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं : जमीन सोडायला मालकाची असलेली नाखुशी. खातेदार ‘नाही’ म्हणतो, याची किंमत शून्य धरावी असं कायद्यातच छापलेलं. सूरदास कादंबरीभर करतो ते एकच : तो ‘नाही’ म्हणतो. कायद्यानं जे मोजायचं नाही असं ठरवलंय तेच त्याचं एकमेव भांडवल.

‘नाही’ म्हणण्याची त्याची कारणंही ऐकण्यासारखी आहेत. पहिलं साधं : जमीन पूर्वजांची आहे आणि मोहल्ल्याची गुरं दुसरीकडं चरणार कुठं? दुसरं कारण तो राजा महेंद्रकुमार सिंहांना सांगतो. हे चतारीचे राजे, बनारस म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष, लोकांत लोकहितवादी म्हणून प्रसिद्ध. ते समजावतात की कारखान्यानं वस्तीची भरभराट होईल, लोकांना रोजगार मिळेल. सूरदास म्हणतो, खरं आहे सरकार, पण ताडी-दारूही वाढेल, परगावचे लोक येऊन आमच्या लेकीसुनांकडं बघतील, खेड्यातले शेतकरी मजुरीच्या लोभानं शेती टाकून धावत येतील. पहिल्या वाचनात हे बोलणं मला जुनाट वाटलं होतं. गिरण्यांच्या शहरातल्या कुणालाही वाटेल. पण प्रेमचंद ते उपदेशावर सोडत नाहीत. कारखाना उभा राहिल्यावर बजरंगीचा मुलगा घिसू आणि त्याचा जोडीदार विद्याधर जुगाराला लागतात आणि एका रात्री सूरदासाच्याच झोपडीत, तिथं आसऱ्याला असलेल्या बाईवर हात टाकायला शिरतात. सूरदास ठाण्यात जातो. पोरं शेजाऱ्यांची आहेत, मिटवून टाक, असं सगळा मोहल्ला सांगत असतानाही जातो. पोरांना शिक्षा होते आणि मोहल्ला सूरदासाशी बोलणं टाकतो. अहिंसा म्हणजे मिटवून टाकणं नव्हे, हे इतक्या अडचणीच्या जागी दाखवणारा प्रसंग त्या काळच्या कादंबऱ्यांत मला दुसरा आठवत नाही.

समोरची बाजूही कागदी नाही. जॉन सेवक क्रूर नाही, हिशेबी आहे. भागभांडवल उभं करताना तो कुंवर भरतसिंहांकडं जातो. हे देशभक्त, मुलगा विनय सेवा समितीचा पुढारी. सेवक त्यांच्यापुढं नफ्याआधी स्वदेशी मांडतो : बाहेरची सिगारेट देशात येते, पैसा बाहेर जातो, आपण इथंच केली तर पैसाही इथं आणि मजुरीही इथं. कुंवरसाहेब शेअर घेतात. पुढं सूरदासाच्या झोपडीसाठी विनयची समिती मैदानात उतरते तेव्हा बापाचा नफा त्याच कारखान्यात पिकत असतो. १९२५ साली, स्वदेशीचा जयघोष चालू असताना, हे लिहायला धाडस लागतं. आणि लेखक हे ओरडून सांगत नाही. दोन प्रसंगांत काही शे पानांचं अंतर ठेवतो आणि गप्प बसतो.

मोहल्ल्यातला प्रत्येक जण सुरुवातीला सूरदासाच्या बाजूचा आहे, पण प्रत्येकाची बाजू त्याच्या धंद्याएवढीच रुंद. बजरंगीला चराई हवी, म्हणून तो काठी घेऊन मरायला तयार. नायकरामला यात्रेकरू उतरवायला मोकळी जागा हवी. उलट भैरोच्या ताडीला, ठाकूरदीनच्या पानाला, जगधरच्या खोमच्याला कारखान्याचे मजूर म्हणजे गिऱ्हाईक. सेवकाच्या माणसांना फार काही करावं लागत नाही. ज्याला जे हवं ते त्याच्या कानात सांगितलं की झालं. सेवकाच्या चामड्याच्या गोदामाचा मुनीम ताहिर अली हे सगळं पाहतो आणि स्वतःही पिचलेला आहे. दोन सावत्र आया, सावत्र भाऊ आणि स्वतःची बायकामुलं एका पगारात ओढताना तो मालकाच्या रकमेला हात लावतो आणि तुरुंगात जातो. ज्याच्या शिक्षणासाठी हे केलं तो भाऊ माहिर अली पोलिसात अधिकारी होतो आणि सुटून आलेल्या भावाला ओळख देत नाही. ताहिर अली सरळ त्याच्या तोंडाला शाई फासतो आणि पुढं पुस्तकं बांधण्याचं काम करून पोट भरतो. हा प्रकरणाचा उपकथाभाग, पण माझ्या मते कादंबरीतला सगळ्यात खणखणीत वास्तववाद इथं आहे. इथं कुणी संत नाही.

भैरोकडं येऊ. त्याच्या मारझोडीला कंटाळून बायको सुभागी सूरदासाच्या झोपडीत आसरा घेते. भैरो सूडानं झोपडी पेटवतो, आणि पेटवण्याआधी छपरात खोचलेली सूरदासाची थैली काढून घेतो. आयुष्यभराची भीक : पाचशेच्या वर रुपये. त्यातून गयेला पूर्वजांचं पिंडदान करायचं होतं, विहीर बांधायची होती, पुतण्या मिठुआचं लग्न करायचं होतं. सूरदास राखेत हात घालून थैली शोधतो. भिकाऱ्याजवळ एवढे पैसे होते हे लोकांना कळण्याची त्याला लाज वाटते, म्हणून चोरी झाल्याचंही तो कुणाला सांगत नाही. मग रडत बसलेल्या सूरदासाला आपलं हे रडणं खेळात हरलेल्या पोरासारखं वाटतं आणि तो उठून मूठमूठ राख उधळायला लागतो. मिठुआ विचारतो, आता राहायचं कुठं? दुसरं घर बांधू. कुणी पुन्हा जाळलं तर? पुन्हा बांधू. हजार वेळा जाळलं तर? हजार वेळा बांधू. पोराला मोठे आकडे बोलायची हौस, तो आकडा फुगवत शंभर लाखांवर जातो आणि सूरदासही तेवढ्याच वेळा बांधायला तयार होतो. हा संवाद जागोजागी उद्धृत होतो आणि उद्धृत करताना त्यातलं पोरपण हरवतं. प्रतिज्ञेचा सूर तिथं नाहीच. पोराशी चाललेला खेळ आहे आणि त्या खेळाच्या ओघात माणूस सावरतो.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. सुभागी युक्तीनं भैरोच्या घरी परतते, थैली शोधून सूरदासाला आणून देते. सूरदास ती घेऊन भैरोला परत करायला जातो. न्याय, क्षमा, शत्रूचं मन जिंकणं, जे म्हणाल ते. पण थैली परत गेल्यावर ती कुणी नेली होती हे लपत नाही आणि मार खाते सुभागी. सूरदासाच्या चांगुलपणाची भरपाई तिच्या पाठीतून वसूल होते. प्रेमचंदांनी हे मुद्दाम केलं की हात आपोआप खऱ्याकडं वळला, कोण जाणे. भैरो मग सूरदास आणि सुभागीवर व्यभिचाराचा खटला भरतो. मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत तेच राजा महेंद्रकुमार, ज्यांचा जमिनीच्या प्रकरणात सूरदासानं गल्लोगल्ली दुहाई देऊन बोभाटा केला होता. दंड होतो. लोक वर्गणी काढून तो भरतात. चिडलेल्यांच्या हातून भैरोचं घर जळतं, तेव्हा वर्गणीतले उरलेले पैसे सूरदास भैरोलाच देतो. इथं भैरो तुटतो. तुटतो तो उपदेशानं नाही. आपण ज्याचं जाळलं त्यानं आपलं उभं करून दिलं, हे त्याला पचत नाही म्हणून. सगळ्या कादंबरीत अहिंसा पूर्ण जिंकते ती फक्त या एका ठिकाणी, दोन भिंतींच्या अंतरावर राहणाऱ्या दोन माणसांत, आणि तेही बरीच वर्षं घेऊन.

सरकारपुढं तसं होत नाही. पहिल्या फेरीत जमीन एकदा सुटते, पण न्यायामुळं नाही. जिल्ह्याचे अधिकारी मिस्टर क्लार्क यांचं मन जॉन सेवकाच्या मुलीवर, सोफियावर बसलेलं. सोफियाचा ओढा विनयकडं आणि कळवळा सूरदासाबद्दल. तिच्या शब्दावर क्लार्क हुकूम फिरवतो. राजासाहेबांची नाचक्की होते, ते थेट गव्हर्नरापर्यंत जातात, क्लार्कची बदली राजपुतान्यातल्या संस्थानात होते आणि हुकूम पुन्हा फिरतो. एका आंधळ्याचं कुरण एका साहेबाच्या प्रेमावर वाचलं आणि एका राजाच्या अहंकारावर गेलं. फायलीत यातलं काहीच दिसलं नसतं. तिथं फक्त दोन हुकूम आणि त्यांच्या तारखा.

मग दुसरी फेरी, जी मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. कारखाना उभा राहतो, मजूर येतात, त्यांना राहायला जागा हवी. सेवकाची नजर आता सगळ्या पांडेपूरवर. जे लोक सूरदासाचं कुरण जाताना ‘आपलं काय जातंय’ म्हणत होते त्यांची आता घरंच संपादनात. मोबदल्याचा अंदाज होतो : नायकरामच्या घराला तीन हजार, सूरदासाच्या झोपडीला एक रुपया. बाजारभावानं बघितलं तर आकड्यात चूक काढता येणार नाही. गवत आणि बांबूची किंमत तेवढीच. पण हा एक रुपया वस्ती फोडतो. ज्याला जास्त मिळालं तो गप्प, ज्याला कमी मिळालं तो कलेक्टरापेक्षा शेजाऱ्यावर चिडलेला. कुणी अधिकाऱ्याला पटवून आकडा वाढवून घेतलेला. एकेक जण गाडीत सामान भरून निघतो. उरते एक झोपडी. गोळीबार अजून बऱ्याच पानांनंतर आहे, पण माझ्या वाचनात प्रकरण इथंच हरलं गेलं. बंदुकीच्या आधी मोबदल्याच्या निवाड्यानं काम उरकलं होतं.

मराठी वाचकाला इथं मुळशी आठवणारच. तीच वर्षं, तोच १८९४ चा कायदा. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणासाठी मुळशी पेट्यातली जमीन घ्यायला सुरुवात झाली आणि १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सत्याग्रह उभा राहिला. घोषणा ‘जान किंवा जमीन’. तिथंही कागदोपत्री मालक असलेले पुण्याचे कित्येक सावकार मोबदल्याकडं झुकले आणि जमीन कसणारे मावळे उघडे पडले. सेनापती बापटांनी शेवटी १९२४ मध्ये रेल्वे अडवून पिस्तूल चालवलं आणि तुरुंगवास पत्करला. पांडेपूर मुळशीवरून घेतलंय असं मला म्हणायचं नाही. एकच कायदा दोन ठिकाणी लावला तर वस्ती फुटण्याची जागाही तीच निघते, एवढंच. आणि दोन्हीकडं अहिंसेनं सुरू झालेल्या गोष्टीच्या शेवटी पिस्तूल येतं.

‘रंगभूमी’त ते दोनदा येतं. एकट्या झोपडीभोवती शहरातले हजारो लोक जमतात. पोलिसांना गोळी चालवायचा हुकूम होतो आणि शिपाई तो नाकारून बंदुका खाली ठेवतात. पेशावरला गढवाली पलटणीनं निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला तो १९३० च्या एप्रिलात. कादंबरी त्याच्या पाच वर्षं आधीची. मग गुरखे येतात, गोळ्या सुटतात, समितीचा इंद्रदत्त पडतो. गर्दी हटत नाही. परत आलेला क्लार्क तिथं उभा. रक्त सांडणार हे ओळखून सूरदास भैरोला खांद्यावर घ्यायला सांगतो. ज्यानं झोपडी जाळली होती त्याच्या खांद्यावर उभा राहून तो लोकांना हात जोडून विनवतो की घरी जा, माझ्यासाठी जमलात तर माझ्यासाठीच परत जा. क्लार्कला वाटतं हा चिथावतोय. तो पिस्तूल झाडतो. गोळी खांद्यात लागते.

गर्दीला शांत करणारा माणूसच पडल्यावर गर्दीसमोर विनय येतो. या तरुणाचा इतिहास लोक विसरलेले नाहीत. संस्थानात जनतेच्या सेवेला गेलेला, पण सोफियावर संकट आल्याबरोबर दरबाराशी हातमिळवणी करून त्याच जनतेवर सूड उगवलेला. गर्दीतून टोमणे येतात : रईसाची पोरं मरायला थोडीच येतात. विनय पिस्तूल काढून स्वतःवर झाडतो. याला कादंबरीत हौतात्म्याचं तेज दिलंय. मला ते मान्य नाही. सूरदासानं ज्या गर्दीला घरी जा म्हणून सांगितलं, त्याच गर्दीच्या टोमण्याला विनयनं जीव देऊन उत्तर दिलं. एकाला लोकांचं मत हवं तेव्हा झुगारता येत होतं, दुसऱ्याला नाही. जमाव टिकवायला सूरदासाकडं पद्धत नव्हती आणि विनयकडं धीर नव्हता.

रुग्णालयात सूरदास मरताना जे बोलतो ते पाठ असलेले लोक आजही हिंदी पट्ट्यात भेटतात. मतितार्थ असा : तुम्ही जिंकलात, मी हरलो. तुम्ही मुरलेले खेळाडू, एकमेकांना सांभाळून खेळता. आमचा दम तुटतो, आम्ही आपसात भांडतो. पण हरलो तरी मैदान सोडून पळालो नाही, रडलो नाही, लबाडी केली नाही. जरा दम घेऊ द्या, पुन्हा खेळू. यातला उत्तरार्ध सगळे सांगतात. मला पूर्वार्ध जास्त मोलाचा वाटतो, कारण मरणाऱ्या माणसाच्या तोंडी तो नेमका निदान करणारा आहे. नायकरामचे तीन हजार आणि आपला एक रुपया सूरदासाला दिसले होते.

प्रेमचंद आपल्या लिखाणाला ‘आदर्शोन्मुख यथार्थवाद’, म्हणजे आदर्शाकडं झुकलेला वास्तववाद, म्हणत. कादंबरीच्या बहुतेक भागात हे दोन बैल एका जुवाखाली चालतात. शेवटी मात्र आदर्श गाडी ओढून नेतो. झोपडीच्या जागी सूरदासाचा पुतळा उभा राहतो. मत्सरानं पछाडलेले राजा महेंद्रकुमार रात्री तो पाडायला जातात आणि त्याच्याचखाली चिरडून मरतात. सोफिया गंगेत जीव देते. पापाला शिक्षा, पुण्याला पुतळा. जॉन सेवकाचा कारखाना मात्र चालूच राहतो, आणि मला वाटतं हाच शेवटातला एकमेव खरा तपशील. दहाएक वर्षांनी, १९३४ मध्ये, प्रेमचंद मुंबईला अजंठा सिनेटोनमध्ये पटकथा लिहायला आले. त्यांनी लिहिलेला ‘मजदूर’ गिरणी आणि संप यांच्यावरचा होता आणि मुंबईत सेन्सॉरनं तो अडवला. १९३६ च्या ‘गोदान’मध्ये शेतकरी होरी मरतो तेव्हा कुणी पुतळा उभारत नाही.

सूरदासाच्या जातीबद्दल न बोलता हे प्रकरण पुरं होत नाही. ३१ जुलै २००४ रोजी, प्रेमचंदांच्या जयंतीला, भारतीय दलित साहित्य अकादमीनं दिल्लीत ‘रंगभूमी’च्या प्रती जाळल्या. शाळेच्या अभ्यासक्रमात कादंबरी लागली होती आणि तिच्यात सूरदासाचा उल्लेख जातिवाचक शब्दानं वारंवार येतो, हा आक्षेप. पुस्तक जाळणं मला पटत नाही. १९०८ च्या ‘सोज़े-वतन’ या उर्दू कथासंग्रहाच्या प्रती इंग्रज कलेक्टरानं जप्त करून जाळायला लावल्या तो लेखक हाच. पण आक्षेपाच्या मागे एक खरा प्रश्न आहे. लेखकानं नायक दलित निवडला आणि त्याच्या हाती जमीनही दिली, ही मोठी गोष्ट. तरी त्याचं दुःख अस्पृश्याचं म्हणून फारसं येतच नाही; तो सगळ्या देशाचा प्रतिनिधी होऊन बसतो. मोहल्ल्यातले सवर्ण त्याच्या दारी सहज बसतात, भजनाला त्याला बोलावतात. १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लोकांना मार खावा लागला हे लक्षात घेतलं, तर पांडेपूरचं हे सौहार्द जरा जास्तच सोपं वाटतं. मोबदल्याच्या वहीत पैचा हिशेब ठेवणारा लेखक या एका खात्यात हात सैल सोडतो.

आणि एक पक्षकार, ज्याला कुणी नोटीस बजावलीच नाही : मिठुआ. सूरदासाच्या मेलेल्या भावाचा मुलगा, सूरदासानं भीक मागून वाढवलेला, लाडावलेला, पुढं रेल्वेच्या ठेशनावर कामाला लागलेला. रुग्णालयात चुलता गयेच्या पिंडदानाचं, क्रियाकर्माचं बोलतो तेव्हा तो उसळतो. जमीन गेली, घर गेलं, मोबदला तुम्ही घेतला नाहीत, होतं नव्हतं ते लोकांना वाटलंत, माझ्यासाठी काय ठेवलंत? कारखान्याला आग लावण्याची भाषाही करतो. लेखक त्याला कृतघ्न ठरवतो आणि बहुतेक समीक्षक तेच गिरवतात. पण फाईल उघडून पाहा. जमीन वडिलोपार्जित. दोन भाऊ, एक मेलेला, त्याचा मुलगा हयात. बनारसकडं चालणाऱ्या मिताक्षरा या हिंदू वारसा-पद्धतीनं त्या दहा बिघ्यांत निम्मा वाटा मिठुआचा निघतो. त्याच्या वाट्याचं ‘नाही’ सूरदासानं परस्पर म्हणून टाकलं, जॉन सेवकानं आणि सरकारनं त्याचा वाटा न विचारता घेतला. हितसंबंधी म्हणून त्याचं नाव निवाड्यात यायला हवं होतं. पोर अल्पवयीन होतं, तर पालक नेमायला हवा होता. सूरदासाच्या त्यागाबद्दल शंभर वर्षं लिहिलं गेलंय, पण त्यातले पाच बिघे त्याचे नव्हतेच.